औटवाल्या नीलम्मानं पाहिलेला तारा

१९३४ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मार्गशीर्षी पौर्णिमा उलटून दोन दिवस झाले होते. नीलम्मा नेहमीप्रमाणे पहाटे माळवदावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, चढली, वाकून तिनं तळहात मातीवर टेकवला आणि दव किती पडलंय ते पाहिलं. हात ओला झाला. म्हणजे ऊन चांगलं वर येईपर्यंत आज शोभेच्या दारूला हात लावायचा नव्हता. पदराला हात पुसत ती उभी राहिली आणि ईशान्येकडं तिची नजर गेली. तिथं एक तारा होता.

तारे काय, ढीगभर असतात. पण गेली आठ वर्षं ही बाई रोज पहाटे त्याच जागेवरून तेच आभाळ बघत होती. त्या कोपऱ्यात या दिवसांत गिरणीचा भोंगा व्हायच्या सुमाराला एक मोठा पांढरा तारा उगवतो, त्याच्या डाव्या हाताला वर फक्त बारक्या ताऱ्यांची चुरी असते, हे तिला घरातल्या कोनाड्याइतकं पाठ होतं. आज त्या मोकळ्या जागेत, मोठा तारा वर यायच्याही आधी, एक ठळक ठिपका ठाम उभा होता. ती बराच वेळ बघत राहिली. शेवटी "शिवा शिवा" म्हणून गळ्यातल्या लिंगाला तिनं हात लावला आणि खाली उतरली. कुणाला सांगावं असं तिच्या घरात कुणी नव्हतं.

सोलापुरात तिला औटवाल्यांची नीलम्मा म्हणत. औट म्हणजे आभाळात उंच जाऊन फुटणारा दारूचा गोळा. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. त्यातले औट, बाण, चंद्रज्योती तिच्या सासरच्या घरातून जायच्या. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी. चौदाव्या वर्षी ती चनबसप्पाची बायको होऊन या घरात आली. मूलबाळ झालं नाही. चनबसप्पा अबोल माणूस, पण रंगाचा नादी. साधा सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू सगळेच करत. त्याला तांबडा हवा, हिरवा हवा, निळा तर हवाच हवा. त्यासाठी मुंबईहून पांढऱ्या पुड्या मागवून तो तासन्‌तास बसायचा. नीलम्मा त्याच्याजवळ बसून कुटायची, चाळायची. कुठल्या पुडीनं कुठला रंग येतो ते तिला त्याच्याइतकंच कळू लागलं.

या कामात एक कडक नेम होता. रंगाच्या दारूत पोटाश असतो. तो पोटाश आणि गंधक कधी एकत्र येऊ द्यायचे नाहीत, नुसत्या घासण्यानं पेट घेतात. म्हणून घरात दोन चाळण्या होत्या. गंधकाच्या चाळणीच्या लाकडी कड्याला काळा दोरा बांधलेला, पोटाशच्या चाळणीला काही नाही.

१९२७ च्या संक्रांतीच्या दोन दिवस आधी आभाळ भरून आलं होतं. दारू वाळेना, आणि यात्रा तर दारात. चनबसप्पा झुंजूमुंजूलाच गावाबाहेरच्या दारू कुटायच्या खोपीकडं निघाला. जाताना म्हणाला, "पोटाशची चाळणी दे." घरात दिवा विझवलेला होता. नीलम्मानं अंधारात हात घालून, दोरा न चाचपता, खुंटीवरची चाळणी काढली आणि त्याच्या हातात दिली. तासाभरानं धडाका झाला. खिडक्या थरथरल्या. ती धावत गेली तेव्हा खोपीच्या जागी धूर होता, आणि बाजूच्या बाभळीवर पत्र्याचा तुकडा लोंबत होता.

चनबसप्पा लिंगैक्य झाला. लिंगायत रीतीप्रमाणे मातीत विभूती घालून त्याला बसवलं, लोक परतले. तिसऱ्या दिवशी ती एकटीच खोपीच्या जागेवर गेली. राखेत तिला चाळणीच्या कड्याचा वीतभर जळका तुकडा सापडला. दुसरी चाळणी आधीपासून खोपीत आत होती, कुठली ते तिनं पाहिलं नव्हतं; ती पार नाहीशी झाली असणार आणि दारापाशी सापडलेला हा तुकडा आपण दिलेल्या चाळणीचा, असं तिनं धरलं. पण ती गंधकाची की पोटाशची, ते ओळखू येत नव्हतं. दोरा असलाच तर जळून गेलेला. तिनं तो तुकडा फडक्यात गुंडाळला, घरी आणला आणि देवळीत ठेवून दिला. आपण कुठली चाळणी दिली? त्या प्रश्नानं तिच्या घरात वस्ती केली आणि ती कुणाजवळ बोलली नाही.

धाकटा दीर मल्लप्पा गिरणीत मुकादम होता. दिवसकार्य झाल्यावर तो म्हणाला, "वैनी, हा धंदा बंद करा. मी दोन घास घालीन." ती म्हणाली, "मालकांचा रंग मला येतो, भावजी. मी बंद करणार न्हाय." मल्लप्पा उठून गेला तो पुन्हा उंबऱ्याच्या आत आला नाही. सणावाराला बायकोच्या हाती काहीबाही पाठवी, स्वतः बाहेरूनच जाई. नीलम्माची खात्री झाली की याला चाळणीचा संशय आहे.

परवाना नावावर करून घ्यायला तिला कलेक्टर कचेरीत कितीतरी खेटे घालावे लागले. कारकून विचारायचा, "बाईमाणूस दारू करणार?" ती म्हणायची, "बाईमाणूस चूल करत न्हाय काय?" शेवटी परवाना मिळाला. तिनं औटांची संख्या कमी केली, रंग मात्र सोडला नाही.

नवा तारा दिसून सात दिवस झाले असतील. नाताळच्या सुट्टीत कुंडलिक मास्तर तिच्या दारात आला. केम गावाकडचा शेतकऱ्याचा मुलगा, पुण्यात शास्त्र शिकून आलेला, सोलापुरातल्या एका हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचा. तिशीचा, काटकुळा, कोटाच्या कोपराला ठिगळ. शाळेतली तांबडा रंग देणाऱ्या मिठाची बाटली संपली होती आणि मुंबईहून यायला महिना लागणार होता. कुणीतरी त्याला औटवाल्यांचं घर दाखवलं.

नीलम्मानं पुडी बांधून दिली. "मुलांना जाळून दाखवता?"

"व्हय अक्का. जाळतो आणि त्यातल्या रेघा दाखवतो." मग कोटाच्या खिशातून घडी घातलेलं इंग्रजी वर्तमानपत्र काढून तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आता तर आभाळातच जळतंय काहीतरी. नवा तारा निघालाय म्हणे, शौरी नक्षत्रात. मी तीन दिवस पहाटे उठतोय, पण माझ्या खोलीसमोर गिरणीची चिमणी. धुराशिवाय काही दिसत नाही."

नीलम्मा पुडीचा दोरा बांधता बांधता थांबली. "ईशान्येला? मोठा पांढरा तारा उगवतो त्याच्या डावीकडं, वर?"

मास्तरनं पेपर खाली केला.

"सात दिवस झाले बघतीय की मी," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढा आता न्हाय. उतरलाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर माळवदावर आला. शेजारची मल्लव्वाही शाल गुंडाळून कुतूहलानं वर चढली. नीलम्मानं नुसतं बोट दाखवलं. मास्तर हात जोडल्यासारखे छातीशी धरून बघत राहिला. थंडीनं त्याचे दात वाजत होते.

"तो मोठा पांढरा म्हणजे अभिजित," तो म्हणाला. "आणि हा नवा नाही, अक्का. होताच तिथं, डोळ्यांना दिसण्याइतका नव्हता. आता फुटलाय. अंगावरचं कवच भिरकावून देतोय."

"फुटला?" नीलम्मानं विचारलं.

"फुटला. शेकडो वर्षांपूर्वी. उजेड आत्ता पोचला."

मल्लव्वा म्हणाली, "अगं बाई, मग आपण कशाला घाबरायचं?" आणि खाली गेली. नीलम्माला मात्र खाली जाववेना.

त्या दिवसापासून असं ठरलं की ती रोज पहाटे तो तारा शेजारच्या चार ताऱ्यांशी ताडून बघेल, आणि शनिवारी मास्तर येऊन तिच्या तोंडून ऐकून वहीत लिहून घेईल. तिला लिहिता येत नव्हतं, पण तिची नजर पक्की होती. "अमुकापेक्षा कणभर कमी, तमुकापेक्षा जास्त," असं ती सांगायची. जानेवारीचा गड्डा झाला, तिचे औट मैदानावर फुटले. गर्दी वर बघून आरडत होती तेव्हा ती नेहमीसारखी तंबूमागं पाठ करून बसली होती. आपण केलेलं दारूकाम नवऱ्यामागं तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. फेब्रुवारी लागला तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, त्याचा रंग फिरलाय. तांबूस मारतोय." मास्तरनं ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

एका रविवारी त्यानं तिला शाळेच्या प्रयोगशाळेत बोलावलं. शाळा ओस होती. लांब बाकावर स्पिरिटचा दिवा आणि पितळी नळी. नळीच्या आत काचेचा लोलक. खिडकीचा पडदा ओढून मास्तरनं ज्योतीत मिठाचा खडा धरला आणि तिला नळीला डोळा लावायला सांगितलं. काळ्या अंधारात एकच पिवळी रेघ दिसली, सुईनं ओढल्यासारखी.

"मिठाचा एक कण पडला तर सगळा रंग नासतो, पिवळा होतो," नीलम्मा डोळा न काढता म्हणाली. "मालक म्हणायचे, मीठ म्हणजे चुगलखोर."

मास्तर हसला. मग त्यानं मोरचूद धरला, तिला हिरव्या रेघा दिसल्या. तिच्याच घरची पुडी धरली, तांबड्या रेघा दिसल्या आणि दूर एक निळी. प्रत्येक पदार्थाच्या रेघा ठरलेल्या, एकाच्या दुसऱ्याला नाहीत, जशा दोन माणसांच्या हातावरच्या रेघा सारख्या नसतात. मग पडदा उघडून त्यानं नळी उजेडाकडं वळवली. सात रंगांचा पट्टा दिसला आणि त्यात काळ्या बारीक भेगा. पिवळ्यात, नेमक्या मघाच्या जागी, एक भेग होती.

"हे सूर्यातलं मीठ," मास्तर म्हणाला. "सूर्यात लोखंड आहे, तांबं आहे, चुना आहे. ताऱ्यांतही तेच. मोठ्या दुर्बिणींना अशी नळी लावून बघतात. आपल्या त्या फुटलेल्या ताऱ्यातनं जे उसळून बाहेर पडतंय, त्यातही लोखंडाच्या रेघा सापडल्यात. औटाच्या फुलात तुमी घालता तो लोखंडाचा कीस आणि ते, दोन्ही एकच."

नीलम्मा स्टुलावर बसली. "मग हे सगळं आलं कुटनं? लोखंड, तांबं. आधी कुणी केलं?"

मास्तरनं नळी खाली ठेवली. "अक्का, खरं सांगू? कुणाला ठाऊक नाही. ताऱ्यांत सगळ्यात जास्त हायड्रोजन असतो, सगळ्यात हलकं मूलद्रव्य. विलायतेतले काही विद्वान म्हणतात, ताऱ्याच्या पोटात इतकी आग असते की तिच्यात हायड्रोजनच्या कणांना कण जुळून जड मूलद्रव्यं शिजत असतील. म्हणजे तुमच्या विळ्याचं लोखंड कुठल्यातरी ताऱ्यात झालं असेल, आणि तारा फुटून बाहेर पडलं असेल. पण दुसरे म्हणतात, तारे तेवढे तापलेलेच नसतात. अजून कुणी हिशेब जुळवून दाखवलेला नाही."

बाहेर पटांगणात चिमण्या भांडत होत्या. नीलम्मानं कमरेच्या पिशवीतून फडकं काढलं, बाकावर ठेवलं आणि सोडलं. आत जळका लाकडाचा तुकडा होता.

"मास्तर, तारा इतक्या लांब. तिथं काय जळतंय ते तुमाला हितं बसून कळतं. मग हा तुकडा बघा. ह्यात गंधक होता का पोटाश, एवढं सांगा."

तिनं सगळं सांगितलं. खुंटी, अंधार, काळा दोरा, चाळणी. आठ वर्षांत पहिल्यांदा. सांगताना तिचे हात फडक्याच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत होते.

मास्तरनं तुकडा उचलला, उजेडात फिरवला. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्याच्या मनात दोन गोष्टी भांडताहेत. तिची सुटका व्हायला एक शब्द पुरे होता. पोटाश. तो शब्द त्याच्या ओठांवर येऊन थांबलाय असंही तिला वाटलं. मग त्यानं चिमटीनं थोडा कोळसा खरवडून ज्योतीत धरला, स्वतः नळीतून पाहिलं, आणि तुकडा फडक्यावर परत ठेवला.

"पोटाशची रेघ दिसते. पण ती कुठल्याही लाकडाच्या राखेत दिसते, अक्का. गंधक या ज्योतीत रेघच देत नाही. दुसऱ्या रीतीनं शोधता येईल, सापडेलही. पण खोपीत साधी दारूही होती ना? स्फोटात सगळ्यावर गंधक बसलं असणार. म्हणजे सापडून काही कळणार नाही." त्यानं मान खाली घातली. "हे कळायला मार्ग नाही."

"कुनालाच?"

"कुणालाच."

नीलम्मानं फडकं गुंडाळलं. "बरं झालं सांगितलं," ती म्हणाली, आणि सावकाश जिना उतरून घरी गेली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही.

मार्चअखेर तारा इतका मंदावला की सापडायला वेळ लागू लागला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे तो नव्हताच. दुसऱ्या दिवशीही नव्हता. मास्तर म्हणाला, अजून आहे, पण आता दुर्बिणीतनंच दिसेल, राखेसारखा धुरळा आड आला असेल असा काहींचा कयास आहे. नीलम्मानं ऐकून घेतलं. त्याच संध्याकाळी गिरणी सुटायच्या वेळी ती मल्लप्पाच्या घरी गेली. आठ वर्षांत ती तिथं गेली नव्हती.

मल्लप्पा हातपाय धूत होता. तिला बघून तांब्या हातातच राहिला.

"भावजी, मला एक सांगायचंय," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "त्या पहाटे चाळणी मी दिली मालकांना. अंधारात. कुटली दिली, मला ठाऊक न्हाय. गंधकाची असंल. तुमाला संशय हाय, मला कळतंय. पन माझ्या तोंडानं सांगायचं राहिलं होतं."

मल्लप्पानं तांब्या खाली ठेवला. तो ओसरीच्या कडेला बसला, आणि तिच्याकडं न बघता बोलू लागला.

"वैनी, मला कसला संशय? चाळणीचं मी आज ऐकतोय. आदल्या दिवशी मीच दादाच्या मागं लागलो होतो. म्हणालो, यात्रेच्या पंचांना मी शब्द दिलाय, औट कमी पडले तर गिरणीत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाय. दादा म्हणाला, दारू ओली हाय, ओली घोटली की तापून पेटते, दोन दिवस दे. मी म्हणालो, जमणार न्हाय. तो ओलीच दारू घोटायला बसला, माझ्यामुळं. म्हणून तुमच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं धाडस झालं न्हाय मला. तुमाला धंदा बंद करा म्हणालो ते पन त्यासाठीच. तुमच्या दारातनं जाताना गंधकाचा वास आला की जीव घाबरा व्हायचा."

आतून मल्लप्पाची बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं काही विचारलं नाही. नीलम्मा हळूच ओसरीवर बसली, दिरापासून हातभर अंतरावर. चाळणीनं पेटलं की ओल्या दारूच्या घोटण्यानं, की दोन्हींनी, की तिसऱ्याच कशानं, ते आता दोघांनाही विचारण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. मल्लप्पानं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. अंधार पडायला लागल्यावर त्याच्या बायकोनं कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही समोर आणून ठेवलं, आणि नीलम्मा त्या घरी जेवली.

पुढं मे महिन्यात मल्लप्पानं रजा काढून तिच्यासाठी दगडमातीच्या दोन खोपी बांधल्या. एक रंगाच्या दारूची, दुसरी गंधकाची, मध्ये चाळीस पावलांचं अंतर. एका खोपीतलं भांडं, फडकं, झाडू, काहीही दुसरीत न्यायचं नाही. नीलम्मानं दारूकाम चालू ठेवलं आणि तिच्या खोपीत पुन्हा कधी ठिणगी पडली नाही. १९३६ च्या गड्ड्याला मल्लप्पा तिला तंबूमागून बोलवायला आला. ती उठली, त्याच्या बायकोचा हात धरून मैदानाच्या कडेला उभी राहिली आणि तिनं चनबसप्पाचा निळा रंग आभाळात बघितला. मल्लप्पाची बायको म्हणाली, "जाऊ या का?" तर तिनं मान हलवली, अजून नको म्हणून.

कुंडलिक मास्तरची पुढं बार्शीला बदली झाली, पण तो सुट्टीत सोलापूरला आला की तिच्याकडं येऊन जाई. १९३९ च्या दिवाळीत आला तेव्हा त्याच्या हातात एक मासिक होतं. दारातूनच म्हणाला, "अक्का, हिशेब जुळला! अमेरिकेत एकानं जुळवून दाखवला. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे चार कण मिळून हेलियम होतं. सूर्य जळतो तो त्यावरच."

नीलम्माचे केस आता पिकले होते, आणि दारूच्या धुळीनं खोकला लागला होता. तिनं त्याला घोंगडीवर बसवलं, नीट ऐकून घेतलं.

"आनि लोखंड?" तिनं विचारलं.

"लोखंडाचं अजून नाही."

तिनं मासिक हातात घेतलं. "हेलियम म्हंजे ते दुसरं, हलक्याच्या पुढचं?"

"व्हय."

"मग सुरुवात झाली म्हणायची," ती म्हणाली, आणि त्या मासिकातलं सूर्याचं चित्र खिडकीच्या उजेडात धरून बघू लागली.